सनमायकामागचा चटका

प्रति,
कॅरॅव्हॅन बांधणारे वर्कशॉपवाले,
हायवेचा सर्व्हिस रोड, वारजे, पुणे.

शेठ,

तुमच्या वर्कशॉपचं नाव या पत्रात कुठंही येणार नाही. नाव लिहिलं की तुमचे बाकीचे धंदेबंधू "आम्ही नाही त्यातले" म्हणत हात झटकून मोकळे होतील, आणि हे पत्र त्यांनीही वाचायला हवं आहे. कुणाला लिहिलंय ते तुम्हाला बरोबर कळेल. फोन उचलणं बंद केलंत, म्हणून छापून सांगावं लागतंय.

काम तसं साधं होतं. आमची गाडी टेम्पो ट्रॅव्हलरवर बांधलेली. मागे पलंग, मध्ये ओटा, ओट्याखाली एक छोटा फ्रीज. त्याच्या बर्फाच्या कप्प्यात एक ट्रे आणि मटारचं एक पाकीट गेलं की झाकण लागत नाही. माझ्या वडिलांना मूत्रपिंडाचा विकार आहे. त्यांच्या जेवणातलं मीठ मोजून, भाज्या उकळून पाणी काढून टाकलेल्या, डाळ किती तेही ठरलेलं. हॉटेलात "मीठ कमी टाका" सांगून भागत नाही. म्हणून घरी स्वयंपाक करायचा, एकेका वेळेचे डबे भरायचे, गोठवायचे आणि प्रवासात रोज लागतील तसे काढायचे, एवढ्यासाठी ज्यादाचा छोटा डीप फ्रीझर हवा होता. हे सगळं मी तुम्हाला तुमच्याच टेबलासमोर बसून सांगितलं होतं. बाबा शेजारच्या खुर्चीत होते. तुम्ही त्यांना चहा पाजलात आणि म्हणालात, "आजोबा, आता कन्याकुमारीपर्यंत जा."

दिसायला काम देखणं झालं, हे मी नाकारत नाही. मागच्या पलंगाखाली अठरा मिलिमीटर प्लायची पेटी, वर अक्रोडी रंगाचं सनमायका, कडेला पट्टी, आणि एकही स्क्रू नजरेला पडत नव्हता. फ्रीझरची तिन्ही अंगं पेटीत अशी चपखल बसली होती की मध्ये नख शिरेना. गाडी ताब्यात देताना तुम्ही त्या सांध्यावरून कौतुकानं बोट फिरवून दाखवलंत. "बघा मॅडम, सूतभर फट नाही."

शेठ, ती सूतभर फट नसणं हाच तुमचा गुन्हा आहे.

फ्रीझर थंडी तयार करत नाही. आतल्या पदार्थांतली उष्णता उचलतो आणि बाहेर आणून टाकतो, वर कॉम्प्रेसरची स्वतःची उष्णता त्यात मिळवतो. जुन्या फ्रीजच्या पाठीला जी काळी जाळी असायची, ती उष्णता बाहेर टाकायची जागा. वरून झाकण उघडणाऱ्या छोट्या डीप फ्रीझरला ती जाळी दिसत नाही, कारण ती नळी बाहेरच्या पत्र्याला आतून चिकटवलेली असते. मशीन चालू असताना म्हणूनच त्याच्या दोन्ही बाजू कोमट लागतात. त्या बाजू म्हणजेच त्याची जाळी. त्यांना चारी बाजूंनी हवा लागते, म्हणून खोक्यातल्या माहितीपुस्तिकेत भिंतीपासून अंतर ठेवायचं चित्र काढलेलं असतं. ती पुस्तिका तुम्ही प्लॅस्टिकच्या पिशवीतून बाहेरसुद्धा काढली नव्हती. पिशवी चिकटवलेलीच आम्हाला परत मिळाली.

फ्रीझरच्या पाठीमागच्या चिठ्ठीवर आणखी एक अक्षर असतं, हवामानाच्या वर्गाचं. आपल्याकडच्या उपकरणांवर बहुधा 'टी' असतं, म्हणजे आजूबाजूची हवा ४३ अंशांपर्यंत असेल तर यंत्र नीट चालेल. पुण्यात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो. उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत तो पन्नाशीवर जातो. त्या गाडीतल्या पलंगाखाली, गादीखाली, प्लायच्या बंद पेटीत, जिथं यंत्र स्वतःच उष्णता ओकतंय, तिथं किती असेल याचा विचार करायला इंजिनिअरिंगची पदवी लागत नाही. सनमायकावर तळहात ठेवायचा. मी ठेवला. चटका बसला.

आता मालवणचं ऐका. डबे घरी, घरच्या फ्रीझरमध्ये दगडासारखे गोठवले, गाडीतला फ्रीझर आदल्या दिवसापासून घरच्या विजेवर गार करून ठेवला, मगच डबे त्यात रचले. वारज्याहून कोल्हापूर, राधानगरी, दाजीपूर, फोंडा घाट उतरून कणकवली, तिथून मालवण. रात्री ज्यांच्याकडे उतरलो त्यांच्या अंगणात गाडी लावली आणि त्यांच्या बोर्डावरून वायर ओढून फ्रीझर चालू ठेवला. सकाळी झाकण उघडलं तर वरवर सगळं छान, डबे टणक, पांढरं बाष्प, तुमच्या कामाला दाद द्यावी असं दृश्य. मग मी आमटीचा डबा हातात घेतला. आमटी तिरकी गोठलेली होती. एका बाजूला काठापर्यंत आणि दुसऱ्या बाजूला निम्म्यावर. घरी ओट्यावर सपाट गोठवलेली आमटी तिरकी कशी होईल? वाटेत वितळल्याशिवाय होणार नाही. यजमानांचं अंगण उताराचं होतं. डबे प्रवासात पूर्ण पाणी झाले होते आणि रात्री विजेवर, उतारावर उभ्या गाडीत, पुन्हा गोठले होते.

तो उतार नसता तर आमटी सपाट गोठली असती आणि मी ती बाबांना वाढली असती. शिजवलेलं अन्न तासन् तास कोमट राहून पुन्हा गोठलं की जंतू मरत नाहीत, थांबतात फक्त. गोठवलेलं अन्न उणे १८ अंशांवर ठेवायचं असतं, ते काही शोभेसाठी नव्हे. धडधाकट माणसाचं पोट एक दिवस बिघडतं. ज्याची मूत्रपिंडं आधीच थकली आहेत त्याला जुलाब-उलट्या झाल्या, अंगातलं पाणी कमी झालं, तर थेट दवाखान्यात भरती. तुमच्या सूतभर न राहिलेल्या फटीचा हिशोब मी या मापानं करते. सगळे डबे टाकून दिले. बाबा भातावर राहिले, आणि एका शब्दानं बोलले नाहीत.

त्याच प्रवासात परतताना मालवणच्या जेटीवरून संध्याकाळच्या लिलावातली सुरमई घेतली. मासेवालीनं ती थर्माकोलच्या खोक्यात फोडलेल्या बर्फात रचली, वर पुन्हा बर्फ, झाकणाला चिकटपट्टी, आणि खोकं सावलीत ठेवायला बजावलं. वारज्याला पोचलो तेव्हा खोक्यात बर्फाचे खडे शिल्लक होते. तिनं खोक्याचे किती घेतले आणि तुम्ही पेटीचे किती, हे मी इथं लिहीत नाही. तिच्या मालाला काय हवं असतं हे तिला माहीत होतं, एवढं लिहिते.

परत आल्यावर मी तुम्हाला फोन केला. तुमची उत्तरं मला पाठ आहेत. "गाडी उन्हात लावू नका." शेठ, कॅरॅव्हॅन ही उन्हात जाणारी वस्तू आहे. "झाकण सारखं उघडत असाल." चालत्या गाडीत, घाटात, कोण उघडणार? "फ्रीझरच्या कंपनीकडं तक्रार करा." फ्रीझर घरगुती वापराचा, तो गाडीत, प्लायच्या पेटीत ठोकून बसवलेला पाहून कुणी हमी पाळेल? हे विकत घेताना तुम्हाला ठाऊक होतं, आम्हाला सांगितलं नाहीत. शेवटचं उत्तर तर कमाल होतं : "मॅडम, अजून एक बॅटरी टाकू, पैसे वेगळे." ज्याचं काम बिघडलंय त्यानंच बिघाडाच्या दुरुस्तीचं बिल द्यायचं, ही तुमच्या धंद्याची रीत दिसते.

मग मी माळवाडीतल्या एका इलेक्ट्रिशियनला बोलावलं आणि पलंग काढून पेटी उघडली. आत जे दिसलं ते तुम्हाला ठाऊकच आहे, पण वाचकांना नाही, म्हणून लिहिते.

फ्रीझरच्या खालच्या कोपऱ्यात कॉम्प्रेसरच्या हवेसाठी जाळीदार पत्रा असतो. तो प्लायला टेकला होता, आणि प्लायवर त्या जाळीची नक्षी तपकिरी रंगात उमटली होती. शेजारीच, त्याच बंद पेटीत, घरच्या इन्व्हर्टरला लावतात तशी दीडशे अँपिअर-अवरची ट्युब्युलर बॅटरी. ही बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते, आम्लाची वाफ सोडते. लोक ती घरात गॅलरीत ठेवतात ते उगाच नाही. तुम्ही ती पलंगाखाली, भोकसुद्धा नसलेल्या पेटीत ठेवलीत आणि त्या पलंगावर माझे वडील झोपत होते. बॅटरीपासून इन्व्हर्टरपर्यंतची तार मध्येच अपुरी पडली म्हणून जोडलेली. जोड पिळून, वर काळी टेप. टेप मऊ होऊन ओघळली होती, आतली तांब्याची तार उघडी. बॅटरीच्या तोंडाशी फ्यूज नाही. तो इलेक्ट्रिशियन बराच वेळ त्या जोडाकडं बघत राहिला. मग म्हणाला, "ताई, आधी निगेटिव्ह काढतो, मग बोलू."

फ्रीझरची मोटर चालू होतानाच्या क्षणी नेहमीच्या कैक पट वीज ओढते. २३० व्होल्टच्या घरात ते जाणवत नाही. इन्व्हर्टरमागे, १२ व्होल्टच्या बाजूला, तोच झटका दोन आकडी अँपिअरचा होतो. पिळलेल्या जोडावर असा झटका दर थोड्या वेळानं, घाटातल्या हादऱ्यांसकट. पेटी प्लायची, गादी फोमची, वरून हायड्रोजन. पुढचं मी लिहीत नाही.

आता बॅटरीचं गणित, कारण तुम्ही अजून एक विकायला निघाला होता. दीडशे अँपिअर-अवर गुणिले १२ व्होल्ट म्हणजे १८०० वॅट-तास. शिशाची बॅटरी निम्म्याखाली उतरवायची नसते, ती मरते, राहिले ९००. इन्व्हर्टर स्वतः खातो ते वजा केलं की पावणेआठशेच्या आसपास. छोटा फ्रीझर चालताना ८० वॅट घेतो असं धरा. त्याला हवा मिळाली तर तो निम्मा वेळ चालतो, निम्मा थांबतो. बॅटरी एकोणीस तास पुरते. हवा कोंडली तर तो थांबतच नाही. दहा तासांच्या आत बॅटरी रिकामी. ही तर नुसत्या फ्रीझरची गोष्ट झाली, पंखा आणि दिवे अजून मोजलेच नाहीत. म्हणजे तुम्ही दुसरी बॅटरी विकून जे मिळवून देणार होता, ते चार बोटं जागा सोडून फुकट मिळत होतं. आणि दुसऱ्या बॅटरीनंसुद्धा डबे गोठलेले राहिलेच असते असं नाही, कारण फार तापलेला कॉम्प्रेसर स्वतःला वाचवायला बंद पडतो. आमचा घाटात तसाच पडत असणार.

फ्रीझर तळाला बोल्टनं धरलेला नव्हता, हेही त्याच वेळी दिसलं. दोन पातळ क्लॅम्प, तेही प्लायमध्ये स्क्रूनं. भरलेला फ्रीझर म्हणजे एका माणसाचं वजन. नवीन कात्रज बोगद्यातून नवले पुलाकडं उतरणाऱ्या रस्त्यावर ट्रकांचे ब्रेक जातात, गाड्या एकमेकींवर आदळतात, हे तुम्ही वारज्यात बसून रोजच्या पेपरात वाचता. आमची गाडी कोल्हापूरहून परतताना त्याच उतारावरून येते. जोराचा ब्रेक लागल्यावर तो फ्रीझर पलंगाखाली राहिला असता असं तुमच्या त्या दोन क्लॅम्पांकडं बघून वाटत नाही.

तुम्ही एकदा म्हणाला होता, "मॅडम, आम्ही काय शिकलेले नाही, हातानं शिकलो." हे वाक्य ढाल म्हणून वापरू नका. चालत्या गाडीत थंडी टिकवायचं काम ज्यांनी जगात आधी जमवलं त्यांत फ्रेडरिक जोन्स या अमेरिकन माणसाचं नाव पुढं आहे. कृष्णवर्णीय, लहानपणीच पोरका, शाळा अर्धवट सुटलेली, गॅरेजात काम करून स्वतःच शिकलेला. १९३८ च्या सुमारास मिनिआपोलिसमध्ये त्यानं ट्रकसाठी शीतयंत्र बनवलं. तोवर माल बर्फावर जायचा. यंत्रं बसवून पाहिलेली, पण रस्त्याच्या हादऱ्यांनी ती खिळखिळी होत. जोन्सनं हादरे सोसेल असं आटोपशीर यंत्र केलं. त्यातून थर्मो किंग ही कंपनी उभी राहिली, आणि १९९१ साली, मरणोत्तर, त्याला अमेरिकेचं राष्ट्रीय तंत्रज्ञान पदक मिळालं. तोही हातानं शिकला होता. फरक इतकाच की हादरा आणि उष्णता त्यानं आधी विचारात घेतली, आणि तुम्ही सनमायकाचा रंग.

शिकायचंच असेल तर लांब जायला नको. मोटर कॅरॅव्हॅनसाठी आपल्या देशात एआयएस-१२४ हे स्वतंत्र मानक आहे. वाहनांची चाचणी घेणारी एआरएआय ही संस्था १९६६ पासून पुण्यात आहे, वेताळ टेकडीवर. तुमच्या वर्कशॉपहून ती टेकडी काही दूर नाही. राज्य सरकारनं २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. माझ्यासारखी माणसं म्हाताऱ्या आईवडिलांना घेऊन गाडीनं फिरू लागली आहेत. ही सगळी गिऱ्हाइकं तुमच्याकडं येणार आहेत, म्हणून तर मी एवढं चिडून लिहितेय.

नीट काम कसं होतं तेही लिहून ठेवते. ते गुपित नाही आणि फार महागही नाही. गाडीसाठी १२ व्होल्टवर थेट चालणारे कॉम्प्रेसर फ्रीझर मिळतात, चाळीस लिटरचे, चालताना पन्नास-साठ वॅट घेणारे. मध्ये इन्व्हर्टर नको, त्याचा तोटा नको, २३० व्होल्टचा धक्का नको. त्याला बॅटरीपासून जाडजूड तार हवी. सहा मीटर अंतर म्हणजे जाऊन-येऊन बारा मीटर. दीड चौरस मिलिमीटरच्या तारेत मोटर चालू होताना दहा अँपिअर धावले तर वाटेतच जवळजवळ दीड व्होल्ट गळतो, आणि फ्रीझर बॅटरी संपली समजून बंद होतो. सहा चौरसच्या तारेत ही गळती अर्ध्या व्होल्टच्याही आत येते. तारेच्या टोकांचे लग यंत्रानं दाबलेले, फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरात. पेटीला खालून हवा आत, वरून हवा बाहेर, वरच्या तोंडाशी कॉम्प्युटरमधला छोटा पंखा. फ्रीझर गाडीच्या तळच्या लोखंडाला बोल्टनं, मध्ये रबर. शिशाची बॅटरी ठेवायचीच असेल तर बाहेरच्या कप्प्यात. पलंगाखाली हवी असेल तर लिथियम आयर्न फॉस्फेटची, तिच्या नियंत्रकासकट. आणि गिऱ्हाइकाला हेही सांगायचं की गाडीत माल गोठवत बसू नका, गोठवून आणा. दहा किलो ताजी मासळी उणे १८ ला न्यायची तर तिच्यातून एक युनिटहून जरा जास्तच उष्णता बाहेर काढावी लागते. छोट्या फ्रीझरची आणि बॅटरीची सगळी ताकद त्यातच जाते. शेवटी, गाडी देण्याआधी एक दिवस उन्हात उभी करायची, फ्रीझर भरून चालू ठेवायचा आणि आत थर्मामीटर टाकायचा. तुमच्या वर्कशॉपसमोर ऊन भरपूर आहे.

यातलं काहीही तुम्हाला करता येत नाही असं मी म्हणत नाही. ज्या माणसाला अठरा मिलिमीटरच्या प्लायला इतका सुबक गोल कोपरा काढता येतो, त्याला त्याच प्लायला हवेची दोन भोकं पाडता आली असती. तुमच्या हातात कसब आहे. म्हणून तर राग जास्त येतो.

वाचकांपैकी कुणी गाडीत असा फ्रीझर बसवून घेत असेल तर पेटी बंद होण्याआधी वर्कशॉपमध्ये जाऊन उभे राहा. तार कुठून येते, फ्यूज कुठं आहे, हवा कुठून आत येते आणि कुठून जाते, हे बोटानं दाखवायला सांगा. शेवटचा हप्ता फ्रीझर दिवसभर उन्हात चालवून पाहिल्यावरच द्या. सुंदर फर्निचर बघून भुलू नका. फसगत झालीच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारासाठी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करायला फी लागत नाही.

आणि शेठ, तुमच्यासाठी. मला तीन गोष्टी हव्या आहेत. पेटी उखडून सगळं काम वर लिहिल्याप्रमाणे नव्यानं करून द्या, आमच्या खर्चाशिवाय. घरगुती फ्रीझर परत घ्या आणि त्याची किंमत वळती करा. आणि आमच्याआधी ज्या ज्या गाड्यांत तुम्ही पलंगाखाली बॅटरी कोंडली आहे, त्या मालकांना आजच फोन करा. त्यांना अजून काही ठाऊक नाही, आणि त्यांच्या पलंगावरही कुणीतरी झोपतंय. तिसरी गोष्ट पहिल्या दोहोंच्या आधी करा.

उघडी पेटी, जळका जोड, प्लायवर उमटलेली जाळी आणि तो तिरका डबा, सगळ्यांचे फोटो माझ्याकडं आहेत. रविवारी सकाळी गाडी तुमच्या दारात उभी असेल. काम करून देणार असाल तर तारीख लेखी द्या. नाही तर सोमवारी तक्रार दाखल होईल.

कळावे,
वारज्यातली तुमची एक ग्राहक